गुडघ्याला काय बांधावे?

गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाचा मुलगा आमच्याकडे आला. वय २१, पॉलिटेक्निक संपवून एका वर्कशॉपमध्ये नुकताच लागलेला. खांदे असे की दारातून आत येताना माझी अम्मी दरवेळी ‘माशाअल्लाह’ म्हणून त्याच्यावर फुंकर घालते. मगरिबची अजान झाली. माझ्या मुलाने जानमाज अंथरली आणि या पैलवानाने शेजारी खुर्ची ओढून घेतली.

आमच्या घरात खुर्चीवर बसून नमाज पढणारे एकच माणूस होते, ७४ वर्षांची अम्मी. त्या दिवशी दोन झाली.

नमाज झाल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात बोलावून विचारले. आधी ‘काही नाही खाला’ झाले, मग ‘थोडा गुडघा धरतो’ झाले, आणि शिरखुर्म्याची दुसरी वाटी संपेपर्यंत खरी गोष्ट बाहेर आली. दीड वर्षापासून तो पॉवरलिफ्टिंग करतो. खांद्यावर लोखंडी बार घेऊन खाली बसायचे आणि उठायचे, ज्याला जिममध्ये स्क्वॉट म्हणतात, त्यात चार महिन्यांत तो १०० किलोवरून १४० किलोवर गेला होता. उजवा गुडघा दोन महिने दुखत होता. जिन्यावरून उतरताना कळ यायची, सजद्यातून उठून बसताना गुडघा पूर्ण मिटत नव्हता. जिममधल्या एका जुन्या मुलाने त्याला उपाय सांगितला होता. त्याने बॅगेतून तो काढून दाखवला: जाड, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या दोन गुंडाळ्या, काळ्या रंगाच्या, मधून लाल रेघा.

“हे कच्चून बांधलं ना खाला, की दुखत नाही.”

मी काही बोलले नाही. हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलेले होते.

माझे अब्बा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळद, शेंग, ज्वारी. पोते त्या काळी १०० किलोचे असे. थप्पीपुढे गुडघ्यात वाकायचे, दोघांनी पोते पाठीवर टेकवायचे आणि त्या ओझ्यासकट उठायचे. दिवसातून किती वेळा, ते कोणी मोजत नसे; मोजली जायची ती पोती. सकाळी घरातून निघण्याआधी अब्बा अम्मीच्या जुन्या सुती साडीची चार बोटे रुंद पट्टी उजव्या गुडघ्याला घट्ट गुंडाळत. ‘बांधलं की कळत नाही,’ म्हणत. पुढे साडीची पट्टी गेली, दवाखान्यातून आणलेले क्रेप बँडेज आले. पन्नाशी ओलांडली तेव्हा अब्बांना जमिनीवर बसता येत नव्हते. आम्ही सगळे खाली दस्तरखानाभोवती आणि अब्बा एकटे खाटेच्या कडेला ताट मांडीवर घेऊन बसलेले, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अब्बांना पर्याय नव्हता. घरात सहा खाणारी तोंडे होती. या मुलाला मात्र पर्याय होता, आणि तो पैसे देऊन जिममध्ये जाऊन तेच करत होता.

म्हणून मी या विषयात शिरले. मी उर्दू आणि मराठी शिकवते, व्यायामाचा आणि माझा संबंध शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यापुरता. पण आपल्या घराघरांतली मुले आज जिममध्ये जात आहेत, मुलीही जाऊ लागल्या आहेत आणि ‘अम्मी, नी कॅप घ्यायचीय, पैसे दे’ ही मागणी आईपर्यंतच येते. आईला निदान कळायला हवे की मागितलेली वस्तू काय आहे आणि कशासाठी हवी आहे.

आधी गुडघा

पहिले काम आम्ही केले ते म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे. त्यांनी गुडघा वाकवून, फिरवून पाहिला. मग टेप काढून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी मांडी दीड सेंटिमीटरने बारीक निघाली. दुखतेय म्हणून शरीर त्या पायावर भार टाकत नव्हते आणि भार नाही म्हणून स्नायू झडत चालला होता. हे त्या मुलाच्या लक्षातही आले नव्हते. आरशात तो खांदेच बघत होता! एमआरआयमध्ये गुडघ्याच्या आतल्या गादीला छोटी चीर दिसली. शस्त्रक्रियेची गरज नाही, पण तीन महिने जड वजन बंद आणि फिजिओथेरपी चालू, असे ठरले.

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन आम्हाला समजावले, ते इथे सांगते. वर मांडीचे हाड, खाली नळीचे हाड, दोघांमध्ये अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या. समोर गुडघ्याची वाटी. मांडीचा पुढचा मोठा स्नायू या वाटीला धरतो आणि वाटीच्या खालचा जाड दोर नळीच्या हाडाला. खाली बसून उठताना तो स्नायू ओढतो, तेव्हा वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जितके खोल बसाल आणि जितके वजन घ्याल, तितका हा दाब वाढत जातो.

याचा अर्थ खोल बसणे वाईट असा नाही. आपल्या आज्या-नान्यांनी जन्मभर उकिडवे बसून भांडी घासली, भाकऱ्या थापल्या. कोल्हापूरच्या तालमीत पोरे शेकड्याने बैठका मारतात, त्यांच्या गुडघ्यावर धागाही नसतो. गुडघा भार सोसायला शिकतो, पण त्याला शिकायला वेळ लागतो. स्नायू लवकर तगडा होतो. स्नायूला हाडाशी बांधणारा दोर आणि आतल्या गाद्या मागून येतात. चार महिन्यांत ४० किलो वाढवताना आमच्या भाच्याची मांडी पुढे निघून गेली होती आणि गुडघा मागे राहिला होता. वर्गातला हुशार पोरगा धडे पुढे नेतो आणि मागच्या बाकावरच्यांना काही कळलेले नसते, तसे.

तेव्हा गुडघ्याला सूज येत असेल, मध्येच तो अडकत असेल, चालताना निसटल्यासारखा वाटत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर कुठलीही पट्टी विकत घेण्याआधी डॉक्टर. दुखणे झाकण्यासाठी पट्टी घेतली की ती पट्टीच मुलाला पुढच्या वजनाकडे ढकलते.

चार वस्तू, चार कामे

दुकानात सगळ्यालाच ‘नी कॅप’ म्हणतात. त्यामुळे घोळ होतो. प्रत्यक्षात या चार निरनिराळ्या वस्तू आहेत.

पहिली, मेडिकलमध्ये मिळणारी पातळ विणलेली नी कॅप. बदामी किंवा राखाडी रंगाची, सुती-इलॅस्टिकची. हिने हलकी ऊब आणि हलका दाब मिळतो. अम्मी हिवाळ्यात हीच घालते. जड स्क्वॉटला तिचा विशेष उपयोग नाही; खाली बसताच ती गुडघ्यामागे गोळा होते.

दुसरी, बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बिजागरी असलेला ब्रेस. तो लिगामेंटची दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी असतो आणि डॉक्टरांनी सांगितला तरच घालायचा. ‘जितके जास्त लोखंड तितका जास्त आधार’ असे समजून एक गृहस्थ आपल्या मुलासाठी हा ब्रेस घेऊन चालले होते, ते मी डोळ्यांनी पाहिले. दुकानदारानेही अडवले नाही.

उरल्या दोन. वजन उचलणाऱ्यांसाठी खऱ्या निवडीचा प्रश्न या दोनमध्येच असतो: स्लीव्ह आणि रॅप.

स्लीव्ह म्हणजे जाड निओप्रीनची नळी, पायातून वर चढवून गुडघ्यावर बसवायची. निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये तयार झाले. पाणबुड्यांचे पोहण्याचे पोशाख याच रबराच्या फोमचे करतात, कारण त्यात हवेचे बारीक बंद बुडबुडे असतात आणि ते ऊब धरून ठेवतात. गुडघ्यावर ते तेच काम करते. सांधा गरम राहतो, सगळीकडून सारखा दाब मिळतो आणि कातडीला होणाऱ्या त्या स्पर्शामुळे आपला गुडघा नेमका कुठे आहे, आत वळतोय की बाहेर, याची जाणीव वाढते. डोळे मिटून बोट नाकाला लावता येते ना, तीच ही जाणीव. खाली बसल्यावर जाड रबर थोडे दबते आणि उठताना किंचित उसळी देते, पण ती किंचितच. स्लीव्ह घातली म्हणजे दुखापत होणार नाही, असे मात्र नाही. डब्यावर ‘संपूर्ण संरक्षण’ लिहिलेले असेल तर ते जाहिरात म्हणूनच वाचावे.

रॅप ही दुसरीच चीज आहे. आमच्या भाच्याच्या बॅगेतून निघाला तो हाच. लांबलचक इलॅस्टिकची पट्टी, पाय सरळ ठेवून, पूर्ण ताणून, गुडघ्याभोवती वेढ्यावर वेढे द्यायचे. गुडघा वाकला की ती आणखी ताणली जाते आणि त्या ताणात साठलेली ताकद उठताना परत मिळते. गोफणीच्या रबरासारखे. त्यामुळे रॅप बांधून माणूस खरेच जास्त वजन उचलतो, यात खोटे काही नाही. पण ते जास्तीचे वजन पाठ, कंबर आणि खुद्द गुडघाही सोसत असतो, आणि पट्टीच्या आवळण्याने वाटी मांडीच्या हाडावर वेगळी दाबली जाते ती निराळीच. इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये रॅप बांधून आणि न बांधता केलेल्या स्क्वॉटची तुलना प्रसिद्ध केली. रॅप बांधल्यावर माणूस खाली जास्त वेगाने गेला आणि बारची वाट बदलली. म्हणजे उठण्याची पद्धतच बदलली. रोजच्या ताकदीच्या सरावात रॅप वापरू नयेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

रॅप इतका आवळलेला असतो की बांधल्यावर चालणेही अवघड होते. एक प्रयत्न करायचा आणि लगेच सोडायचा. जो पोरगा तो बांधून अर्धा तास जिममध्ये मिरवतो, त्याने एक तर तो नीट बांधलेला नाही किंवा त्याच्या पायाला मुंग्या आल्या आहेत आणि तो सांगत नाही.

नियमपुस्तक कोणी वाचले?

आता एक गंमत. भाच्याची सगळी धडपड एका जिल्हा स्पर्धेसाठी होती. शिक्षकी सवयीने मी विचारले, ‘स्पर्धेचे नियम कुठे आहेत?’ नियम त्याने वाचलेच नव्हते. आम्ही दोघांनी रात्री बसून मोबाइलवर ते काढले.

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या, म्हणजे आयपीएफच्या नियमांत दोन प्रकारच्या स्पर्धा आहेत. ‘इक्विप्ड’मध्ये खास ताठ सूट आणि रॅप चालतात, रॅप जास्तीत जास्त २ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद. ‘क्लासिक’मध्ये रॅप चालतच नाहीत. फक्त स्लीव्ह चालते, तीही जाडीला ७ मिलिमीटर आणि लांबीला ३० सेंटिमीटरच्या आत. स्लीव्ह आणि रॅप एकावर एक घालणे कुठेच चालत नाही. भाच्याने नाव दिले होते ते क्लासिकमध्ये!

म्हणजे जे बांधायला स्पर्धेत बंदी होती, ते बांधून दोन महिने सराव चालला होता. रॅप सोडला असता तर १४० किलोतले किती उरले असते, कोण जाणे. तो बराच वेळ मोबाइलकडे बघत बसला. मीही काही बोलले नाही. पेपर कठीण गेलेल्या मुलाला लगेच उत्तरपत्रिका दाखवू नये.

स्पर्धेसाठी घेत असाल तर संयोजकांना आधी विचारा. संघटनेगणिक नियम वेगळे असतात, आणि मोठ्या स्पर्धांना ठरावीक कंपन्यांच्या मान्यताप्राप्त यादीतलीच स्लीव्ह लागते. स्पर्धेत उतरायचेच नसेल तर त्या यादीशी आणि तिच्या किमतीशी आपल्याला काही देणेघेणे नाही.

जाडी आणि माप

स्लीव्ह साधारण ३, ५ आणि ७ मिलिमीटर जाडीत येतात. ३ मिलिमीटरची धावण्याला, उड्यांना, हलक्या व्यायामाला. ५ मिलिमीटरची सर्वांत कामाची: वाकायला मोकळी, ऊबही देणारी. जिममध्ये सगळाच मिश्र व्यायाम करणाऱ्या मुलाला हीच पुरते. ७ मिलिमीटरची जड स्क्वॉट करणाऱ्यांसाठी. ती घालून पळता येत नाही आणि घामही खूप येतो. सुरुवातीच्या वर्षात मी म्हणेन काहीच नको. १५-१६ वर्षांच्या मुलाने बार नीट खांद्यावर घेऊन, टाच न उचलता, गुडघे आत न पाडता बसायला शिकावे. टाच उचलली जात असेल तर दोष घोट्यात असतो आणि गुडघ्याला कितीही बांधले तरी घोटा सुधारत नाही. बऱ्याच जणांना स्लीव्हपेक्षा टाच थोडी उंच असलेल्या, कडक तळाच्या बुटाचा जास्त फायदा होतो. धावण्याचे मऊ, फुगीर बूट घालून जड स्क्वॉट करणे म्हणजे गादीवर उभे राहून पोते उचलणे.

मापाचे काम मात्र माझे होते. माझ्या शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. येथे पहिली चूक होता होता राहिली. भाच्याने ईदच्या आठवड्यातच माप घेऊन ठेवले होते: उजवा गुडघा डाव्यापेक्षा सव्वा सेंटिमीटर मोठा. तो म्हणाला, ‘एक लार्ज, एक मीडियम मागवू का?’ मोठा होता तो सुजेमुळे! सुजलेल्या गुडघ्याचे माप कधी घेऊ नये. सूज पूर्ण उतरल्यावर, व्यायाम न केलेल्या वेळी, उभे राहून, पाय सरळ पण सैल ठेवून माप घ्यावे. टेप कातडीला लागावा, रुतू नये. आणि टेप कुठे धरायचा हे कंपनीगणिक बदलते. कोणी वाटीच्या बरोबर मध्यावरचा घेर विचारते, कोणी तिथून १० सेंटिमीटर खाली पोटरीचा, कोणी वर मांडीचाही. एका कंपनीचे माप घेऊन दुसऱ्या कंपनीचा ‘मीडियम’ मागवला की पार्सल परत गेलेच म्हणून समजा. माप दोन साइजच्या मध्ये आले तर रोजच्या सरावाला मोठी घ्यावी. स्पर्धेतले खेळाडू मुद्दाम लहान घेतात, चढवायला दहा मिनिटे झटापट करतात. आपल्या मुलाला त्या हौसेची गरज नाही.

ऑनलाइन मागवताना किंमत एका नगाची आहे की जोडीची, हे डोळ्यांत तेल घालून वाचा. आम्हाला एक फार स्वस्त सापडली होती. ती एकाच पायाची निघाली.

हातात आल्यावर आतली बाजू उलटून शिवण बघा. गुडघ्यामागच्या खोबणीत उंच, खरबरीत शिवण आली की चार दिवसांत कातडी सोलवटते. मग घालून दहा वेळा नुसतेच उठा-बसा. स्लीव्ह खाली घसरली तर मोठी आहे. पायाला मुंग्या आल्या, पाऊल गार किंवा निळसर पडले तर लहान आहे, ती लगेच काढा. काढल्यावर कातडीवर शिवणीचा वळ दिसला तर चालेल, तो थोड्या वेळाने जातो. काहींच्या कातडीला निओप्रीन सोसत नाही, पुरळ उठते. त्यांनी हट्ट करू नये.

वापरायची पद्धत फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितली, ती सोपी आहे. रिकामा बार आणि हलकी वजने उघड्या गुडघ्याने करायची. वजन जड होऊ लागले की स्लीव्ह वर चढवायची. दोन फेऱ्यांच्या मध्ये पोटरीवर उतरवून ठेवायची. घरी, कॉलेजात, कामावर दिवसभर घालून हिंडायचे नाही. उघड्या गुडघ्याने जे वजन दुखते, ते स्लीव्ह घालूनही उचलायचे नाही. हा शेवटचा नियम भाच्याला दोन वेळा सांगावा लागला.

मुलींसाठी थोडे

माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या दोन मुली जिमला जातात. त्यांची अडचण वेगळी. त्या पूर्ण पायाची लेगिंग घालतात आणि गुळगुळीत लेगिंगवर स्लीव्ह घसरते. स्लीव्ह थेट कातडीवर घालून वरून सैल ट्रॅक पँट घातली की प्रश्न सुटतो. उतरवताना-चढवताना अडचण होते एवढेच. ज्या लेगिंगवर घालतात, त्यांनी लेगिंग घालूनच माप घ्यावे.

अंग झाकून हा खेळ होत नाही असे कोणी म्हणाले तर त्यांना कुलसुम अब्दुल्ला हे नाव सांगावे. पाकिस्तानी वंशाची ही अमेरिकन वेटलिफ्टर. तिच्या मागणीनंतर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग फेडरेशनने नियम बदलला आणि पोशाखाखाली अंगभर घट्ट वस्त्र घालायची मुभा दिली. कोपर आणि गुडघा सरळ झाला की नाही हे पंचांना दिसायला हवे, हा मूळ आक्षेप होता. घट्ट वस्त्रातून ते दिसते. आपल्याकडे केरळची मजिझिया भानू हिजाब घालून पॉवरलिफ्टिंग करते.

एका मुलीने विचारले, ‘मिस, स्लीव्ह घालून वुजू होतो का?’ वुजूत पाय घोट्यापर्यंत धुवायचे असतात, गुडघा त्यात येत नाही. तेवढ्यासाठी काढायची गरज नाही. पण ७ मिलिमीटरची स्लीव्ह घालून कायद्यात बसून बघा, बाई! रबर गुडघ्यामागे असे दाटते की स्वतःच काढून ठेवाल.

भाच्याचे तीन महिने चार झाले. फिजिओथेरपीत पहिले पंधरा दिवस नुसता पाय सरळ करून मांडी आवळायची, मग भिंतीला पाठ लावून बसायचे, मग खुर्चीवरून उठायचे. खुर्चीवरून उठण्याच्या व्यायामाला तो लाजायचा. ‘नानीचा व्यायाम’ म्हणायचा. अम्मीही मग त्याच्यासोबत करू लागली. तो दहा, ती तीन. जिममध्ये परतला तो २० किलोच्या रिकाम्या बारपासून. जिल्हा स्पर्धा हुकली. जुना मित्र अजून विचारतो, ‘रॅप का सोडलेस?’ भाचा सध्या ९० किलोवर आहे, ५ मिलिमीटरच्या स्लीव्ह घालून, आणि आठवड्याला जेमतेम अडीच किलो वाढवतो. डॉक्टरांच्या टेपवर उजवी मांडी अजून अर्धा सेंटिमीटर मागे आहे.

स्लीव्ह धुण्याचे सांगायचे राहिले. घाम आत मुरतो आणि दोन आठवड्यांत असा वास सुटतो की विचारू नका. थंड पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून धुवायचे, पिळायचे नाही, उलटी करून सावलीत वाळत घालायची. ऊन आणि गरम पाणी रबराला खाते. ओली तशीच बॅगेत कोंबली की संपले. हे सगळे मी त्याला लिहून दिले होते.

परवा आपाचा फोन आला. “तुझ्या भाच्याने बाल्कनीत ते काळे मोजे लटकवलेत. शेजारीण विचारतेय, भाभी, पंजे कुठे गेले त्याचे?”